लेकरू कडेवर, हात मोकळे

‘काखेत कळसा आणि गावाला वळसा’ ही म्हण आपण विसराळू माणसाला हसण्यासाठी वापरतो. तिचे दुसरेही एक रूप ऐकू येते; त्यात कळशाच्या जागी पोर असते. गंमत अशी की, कळसा आणि पोर या दोन्ही वस्तूंना आपल्या समाजाने एकच जागा नेमून दिली, ती म्हणजे बाईची कड. पाणी आणायचे तर कडेवर, मूल सांभाळायचे तर कडेवर. ज्या बाईला दोन्ही कामे एकदम करावी लागत होती, तिने काय केले असेल, हा प्रश्न म्हण रचणाराला पडला नाही. तिला तो रोज पडत होता.

पाठीवर घेतलेल्या मुलाला आपण पाठुंगळीला घेतले म्हणतो आणि खांद्यावरच्या मुलात थोडा जत्रेचा भाव असतो. कडेवर म्हटले की मात्र डोळ्यांपुढे येते ती आई, मावशी, नाहीतर ताई. कमरेच्या हाडाचा तो उंचवटा ही निसर्गानेच केलेली बैठक आहे. मूल तिच्यावर दोन्ही बाजूंना पाय टाकून बसते, आईच्या अंगाची ऊब त्याला मिळते, आणि आई जे पाहते तेच तेही पाहते. दोष एवढाच की, मुलाच्या पाठीमागे हाताचा वेढा द्यावा लागतो. माणसे दोन, आणि कामाला हात एक! हा दुसरा हात मोकळा कसा करावा, याचा शोध शेकडो वर्षे चालू आहे. त्या शोधाचा वऱ्हाडातला भाग आज सांगावयाचा आहे, कारण त्यात कापसाचे, लेकराचे आणि लेकराच्या थोरल्या बहिणीचे भवितव्य गुंतलेले आहे.

प्रथम थोडे मागे जाऊ. आजचे वाशीम, जे १९९८ पर्यंत अकोला जिल्ह्यात मोडत होते, ते प्राचीन काळचे वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. याच शाखेतील राजा हरिषेण याच्या काळात, इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, अजिंठ्याची कितीतरी लेणी खोदली गेली. सोळावे लेणे तर त्याचा मंत्री वराहदेव याने करविले. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात हारितीची मूर्ती आहे. ही पाचशे लेकरांची आई, पण दुसऱ्यांची लेकरे खाणारी. बुद्धाने तिचे धाकटे मूल लपवून ठेवले तेव्हा तिला पुत्रवियोग म्हणजे काय ते कळले, आणि ती बालकांची रक्षणकर्ती झाली, अशी कथा आहे. लेण्यात ती मूल घेऊन शांत बसली आहे. वेरूळच्या सप्तमातृकांजवळही मुले आहेत. परंतु या साऱ्या माता बसलेल्या आहेत, आणि मातृकांना तर शिल्पकाराने चार-चार हात दिले आहेत! दोन हातांच्या, उन्हातून चालणाऱ्या आईची अडचण देवळाच्या भिंतीवर उमटायची नाही.

संतांना मात्र ती दिसली. जनाबाईच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या लेकुरवाळ्या विठोबाच्या अभंगात देव संतांचा मेळा अंगाखांद्यावर घेऊन निघाला आहे. कोणी खांद्यावर, कोणाचा हात हाती, कोणी करंगळीला धरलेला. त्यात कडेवर कोण आहे? बंका. हा चोखोबांच्या बहिणीचा नवरा. त्याचे गाव मेहुणपुरी, म्हणजे आजच्या बुलढाणा जिल्ह्यातील मेहुणाराजा, असे परंपरेने मानतात. ज्याला देवळाची पायरी चढू दिली नाही, अशा वऱ्हाडच्या लेकराला विठोबाने कडेवर घेतले. आणि घेणारा बाप्या आहे, हेही लक्षात ठेवावे. त्याचे काम पुढे पडणार आहे.

मूल बांधून नेण्याचे आपल्या मनावर ठसलेले चित्र म्हणजे झाशीच्या राणीचे. पाठीशी दामोदरराव, हाती तलवार, घोडा उधळलेला. पुतळ्यांत आणि शाळेच्या पुस्तकांत आपण ते लहानपणापासून पाहतो. दामोदररावांचा जन्म १८४९ चा. म्हणजे १८५८ साली ते आठ-नऊ वर्षांचे होते आणि तान्ह्या बाळासारखे पाठीला बांधण्याचे त्यांचे वय राहिले नव्हते. चित्रकाराने वय कमी केले ते उगीच नव्हे. हाती तलवार घेणाऱ्या बाईचे मूल कुठे, हा प्रश्न पाहणाराच्या मनात येणारच, आणि त्याचे उत्तर त्याने कापडाच्या एका पट्ट्याने दिले. असे उत्तर खरोखरी रोज द्यावे लागत होते ते शेतात.

आता वऱ्हाडात येऊ. १८५३ साली निजामाने हा मुलूख इंग्रजांच्या हवाली केला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी माजली, तिकडचा कापूस विलायतेस मिळेनासा झाला, आणि मँचेस्टरच्या गिरण्यांचे डोळे वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे वळले. अकोला, बडनेरा ही गावे आगगाडीच्या वाटेवर आली. १८६७ साली ती वाट नागपूरला पोहोचली. १८७० साली खामगावचा फाटा सुरू झाला, तो मुख्यतः कापसाच्या बाजारासाठी. त्याच वर्षी आल्फ्रेड लायल यांचे वऱ्हाडचे गॅझेटियर निघाले. मोठमोठे आकडे झाले, पेढ्या झाल्या, जिन आणि प्रेस उभे राहिले. पण या सर्व डोलाऱ्याच्या तळाशी एक साधी गोष्ट होती. बोंडातला कापूस हातांनी वेचावा लागतो, आणि तो वेचणारे हात मुख्यतः बायकांचे होते. आजही बहुतेक वेचणी तशीच होते.

ज्या दिवसांत दिवाळी अंक आपल्या हाती पडतो, तेच वेचणीचे दिवस. पहिल्या वेच्याच्या वेळी वावरात दही-भाताचा नैवेद्य दाखवून ‘सीतादही’ करण्याची चाल विदर्भात आहे. मग बायका पऱ्हाटीच्या तासात शिरतात. वेचणारीने कमरेला लुगड्याची किंवा जुन्या धडप्याची ओटी बांधलेली असते. दोन्ही हातांनी बोंडे वेचायची आणि ओटीत टाकायची. मजुरी वजनावर, म्हणून एक हात अडला की मजुरी निम्मी. आणि येथेच खरा पेच आहे. ज्या कमरेवर लेकराने बसायचे, तेथे कापूस येऊन बसलेला असतो. ओटी भरणे हा शब्द आपण सौभाग्याचा आणि संततीचा म्हणून वापरतो. वऱ्हाडातल्या मजूर बाईची ओटी कापसाने भरली की लेकराला जागाच उरत नाही.

मग लेकरू जाते धुऱ्यावर. धुरा म्हणजे शेताचा बांध. तेथे बाभळीच्या किंवा कडुनिंबाच्या फांदीला लुगड्याची झोळी बांधायची आणि मूल तिच्यात निजवायचे. वऱ्हाडी बोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो; तेथे पाळण्याचा पायना होतो आणि झोळीची झोयी. ही झोयी मोठी सोयीची चीज आहे. तिला पैसा लागत नाही, विंचू-काट्यापासून ती मुलाला वर ठेवते, आणि वारा तिला झोका देतो. परंतु तास लांब असतो. आई तासाच्या पलीकडच्या टोकाला आणि लेकरू या टोकाला, अशी दुपार जाते. रडणे ऐकू आले तरी हातातला तास सोडून येणे दर वेळी परवडत नाही.

आईचे हात असे मोकळे झाले, त्याची किंमत तीन ठिकाणी वसूल झाली. पहिली किंमत ही, मुलाच्या एकटेपणाची. दुसरी अफूची. काम होईपर्यंत मूल निजून राहावे म्हणून त्याला बाळगोळी देण्याची वाईट चाल देशात ठिकठिकाणी होती. १९२२ साली मुंबईच्या गिरणीकामगार स्त्रियांची पाहणी करणाऱ्या डॉ. बार्न्स यांना, बहुसंख्य बाळांना अफू दिली जाते, असे आढळून आले. यात आई निष्ठुर होती असे कोण म्हणेल? भोंगा झाला की साच्यावर उभे राहायचे, आणि घरी कोणी नाही. अशा बाईपुढे मार्ग किती होते, हे पाहिले म्हणजे राग तिच्यावर राहत नाही.

तिसरी किंमत सर्वांत मोठी, आणि तिची गणती कोणी ठेवली नाही. ती भरली ताईने. आई वावरात गेली की धाकटे मूल सात-आठ वर्षांच्या मुलीच्या कडेवर येते. पोर स्वतः एवढीशी, कंबर एका बाजूला वाकलेली, आणि कडेवर तिच्या निम्म्या वजनाचा भाऊ! हे दृश्य आपल्याकडे इतके परिचयाचे की त्याचे आपण कौतुकच केले. ‘किती समजूतदार पोर’ म्हटले. पण ज्या दिवशी भाऊ कडेवर, त्या दिवशी पाटी कोनाड्यात. गावात शाळा आहे, गुरुजी आहेत, पुस्तके आहेत, तरी मुलगी शाळेत नाही. याचे एक कारण तिच्या कडेवर बसलेले असते.

कायद्यांनी या प्रश्नाला हात घातला, तो कारखान्याच्या भिंतीच्या आत. मुंबई इलाख्याने १९२९ साली आणि मध्यप्रांताने १९३० साली बाळंतपणाच्या भत्त्याचे कायदे केले. १९३१ च्या शाही मजूर आयोगाने पाळणाघरांची शिफारस केली. स्वतंत्र भारताच्या १९४८ च्या कारखाना कायद्याने, पन्नासांहून अधिक स्त्रिया कामास असतील तेथे सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघर हवे, असे ठरविले. १९७६ साली ती संख्या तीसवर आणली. १९६१ साली बाळंतपणाच्या रजेचा देशव्यापी कायदा झाला. वावराला मात्र भिंत नसते आणि तासाला हजेरीपट नसतो. रोजगार हमीच्या २००५ च्या राष्ट्रीय कायद्यात, कामावर सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले आली तर एका बाईला त्यांच्या सांभाळासाठीच मजुरी द्यावी, अशी तरतूद केली होती. ज्यांनी ती लिहिली त्यांना धुऱ्यावरची झोयी ठाऊक असावी.

ताईच्या कडेचा विचार ज्यांनी नेटाने केला, त्या बाईंचे वऱ्हाडशी नाते आहे. ताराबाई मोडक यांनी लग्नानंतर काही वर्षे अमरावतीत संसार केला. पुढे त्या गिजुभाई बधेका यांच्याबरोबर भावनगरला बालशिक्षणाच्या कामात पडल्या; १९४५ साली बोर्डीला त्यांनी ग्रामीण बालशिक्षणाचे केंद्र काढले आणि १९५७ साली अनुताई वाघांसह कोसबाडच्या आदिवासी टेकडीवर गेल्या. तेथे त्यांनी पाहिले की मोठी मुलगी शाळेत येत नाही, कारण धाकटे भावंड तिच्या गळ्यात आहे. तेव्हा त्यांनी उपदेश करण्याऐवजी सोय केली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. ताईने भावाला कडेवर घेऊन यावे, त्याला पाळणाघरात उतरवावे, आणि आपण वर्गात बसावे. शाळा मुलांच्या अंगणात नेण्याचा त्यांचा ‘अंगणवाडी’ हा शब्द तर पुढे देशाने उचलला. १९७५ च्या एकात्मिक बालविकास योजनेपासून तो खेड्याखेड्यांत पोहोचला.

झोळी झाडावरून काढून आईच्याच अंगावर आणली तर? जगातल्या पुष्कळ बायांनी हेच केले. मेक्सिकोत ‘रेबोझो’ नावाची लांब शाल आहे. इंडोनेशियात ‘सेलेंदांग’ म्हणजे बाटिकचा पट्टा एका खांद्यावरून घेऊन मूल नेमके कडेवरच बसवतात. आणि ज्यांच्या बाबागाड्या आपण विलायती चित्रांत पाहिल्या, त्या साहेबांच्या शेजारी वेल्समध्ये गरीब घरची आई मोठी शाल स्वतःभोवती आणि बाळाभोवती गुंडाळून एक हात मोकळा ठेवीत असे. आपल्याकडच्या भटक्या आणि कष्टकरी बायांची खांद्यावरून घेतलेली झोळी याच कुळातली. म्हणजे ही युक्ती कुणा एका देशाची नव्हे. जेथे आईला काम होते तेथे ती निघाली.

मग ती दुकानात कशी गेली? अॅन मूर नावाची अमेरिकन परिचारिका १९६० च्या दशकात पश्चिम आफ्रिकेतील टोगो येथे सेवेसाठी गेली होती. तेथील बाया मुले पाठीशी बांधून कामे करतात आणि ती मुले शांत असतात, हे तिने पाहिले. मायदेशी परतल्यावर आपल्या आईच्या मदतीने तिने तसा शिवलेला झोळा केला आणि १९६९ साली त्याचे पेटंट घेतले. पुढे १९८१ साली हवाईत रेनर गार्नर याने आपल्या पत्नीसाठी, कापडाचे टोक दोन कड्यांतून ओवून घट्ट-सैल करता येईल असा पट्टा केला. तीच आजची ‘रिंग स्लिंग’. शास्त्रज्ञही मागे राहिले नाहीत. १९८६ साली माँट्रियलमधील हुन्झिकर आणि बार यांनी ९९ आयांची पाहणी प्रसिद्ध केली. ज्या बाळांना रोज काही तास अधिक अंगावर बाळगले, ती सहा आठवड्यांची असताना इतरांपेक्षा शेकडा ४३ ने कमी रडली. आजीने हे कधीच सांगितले होते. तिच्याजवळ आकडे नव्हते.

आता घरातल्या लेकुरवाळ्या मंडळींसाठी चार गोष्टी. अमरावती-अकोल्याच्या दुकानांत आज कडेवर मूल बसविण्याचे अनेक प्रकार मिळतात. त्यांतला कोणता घ्यावा?

प्रथम नाव न पाहता बैठक पाहावी. मुलाचे गुडघे त्याच्या ढुंगणापेक्षा किंचित वर, मांड्या फाकलेल्या आणि एका गुडघ्यापासून दुसऱ्यापर्यंत कापडाचा आधार, ही योग्य बैठक. पाय सरळ खाली लोंबकळत असतील तर ती वस्तू परत ठेवावी. जपानात पूर्वी तान्ह्या मुलांचे पाय सरळ बांधून गुंडाळण्याची रीत होती. १९७५ पासून तिच्याविरुद्ध देशभर मोहीम झाली, आणि कंबरेचा सांधा निखळण्याचे प्रमाण शेकडा एकाहून अधिक होते ते हजारी दोन-तीनपर्यंत उतरले. पाय फाकवून कडेवर बसविण्याची आपली जुनी पद्धत सांध्याला मानवणारी आहे.

दुसरी गोष्ट वयाची. मान धरल्याशिवाय, म्हणजे साधारण चार-पाच महिन्यांच्या आत, मुलाला कडेवरच्या पट्ट्यात बसवू नये. तोवर छातीशी उभे धरलेलेच बरे. खोल पिशवीसारख्या झोळ्यात तान्हे मूल गुरफटते, हनुवटी छातीला टेकते आणि श्वास कोंडतो. अमेरिकेच्या ग्राहकसुरक्षा आयोगाने २०१० साली जाहीर इशारा दिला, तेव्हा मागील वीस वर्षांतले असे निदान चौदा मृत्यू त्याच्यासमोर होते. मुलाचे तोंड नेहमी उघडे आणि आपल्याला दिसणारे असावे. मान वाकवली की त्याच्या कपाळाचा मुका घेता यावा, इतके ते वर असावे.

तिसरी गोष्ट हात खरोखर मोकळे होतात का, ही. कमरपट्ट्याला जोडलेली फळीवजा बैठक कमरेचा भार हलका करते, पण वर खांद्याचा पट्टा नसेल तर मुलाच्या पाठीमागे हात ठेवावाच लागतो. दोन्ही हात हवे असतील तर विरुद्ध खांद्यावरून येऊन मुलाची पाठ काखेपर्यंत झाकणारे कापड पाहिजे. ते खांद्यावर दोरीसारखे गोळा न होता पसरले पाहिजे, म्हणजे भार पाठीवर वाटला जातो. कडी असेल तर ती अखंड, सांधा नसलेली असावी. अर्ध्या तासाने कड बदलावी आणि वाकताना कमरेतून न वाकता गुडघ्यांतून वाकावे. मूल अंगावर असताना चुलीपाशी उभे राहू नये आणि स्कूटरवर तर मुळीच बसू नये. हात मोकळे झाले म्हणून सारीच कामे मोकळी झाली, असे नाही.

चौथी गोष्ट कापडाची. अकोल्याचा उन्हाळा पारा पंचेचाळीसच्या पलीकडे नेतो. अंगाला अंग लागून दोन जीव घामाघूम होतात, तेथे फोमच्या जाड गाद्या काय कामाच्या? पातळ, घट्ट विणीचे, न ताणणारे सुती कापड सर्वांत बरे. ज्या मुलखाचा कापूस एके काळी विलायतेला जाऊन परत कापड होऊन आला, त्या मुलखात तरी बाळाच्या झोळीसाठी सुताशिवाय दुसरे काही शोधावे लागू नये.

आणि शेवटची गोष्ट, पट्टा कोणी घालावा ही. जुन्या एकत्र कुटुंबात वडीलधाऱ्यांदेखत आपले मूल उचलणे बापाला संकोचाचे वाटे. तो काळ सरला. अभंगातल्या विठोबाने कडेवर बंका घेऊन वाट चालली, तर आपल्या घरच्या विठोबांना लाजण्याचे कारण नाही. पट्टा निवडताना तो आईच्या आणि बापाच्या, दोघांच्याही अंगावर बसतो का, हे दुकानातच पाहून घ्यावे. या दिवाळीत नव्या बाळासाठी आंगडे-टोपडे आणाल तेव्हा तोही आणा, आणि बाळाची थोरली बहीण घरात असेल तर तिच्यासाठी एक चांगले पुस्तक. तिची कड रिकामी झाली आहे. पुस्तक धरायला आता तिचे दोन्ही हात मोकळे आहेत.